ओवाळणी की वाटणी?

आषाढ लागला, की आमच्या कसाऱ्याच्या पंचक्रोशीत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "लावणीला बाई मिळत नाही हो! सरकारनं फुकटचं देऊन देऊन माणसं आळशी करून ठेवलीत." भिशीत म्हणा, हळदीकुंकवात म्हणा, नाहीतर कल्याणला जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात म्हणा, एकीनं हा विषय काढायचा अवकाश, चार जणी लगेच माना डोलावतात. मग रेशनचा फुकट तांदूळ, लाडकी बहीणचे पंधराशे, घरकुल, गॅस, एकेकाचा उद्धार होतो. "आमचा टॅक्स आणि यांची चैन!" हे शेवटचं वाक्य.

मैत्रिणींनो, असं बोलणाऱ्या बायका काही वाईट नाहीत हं. त्यातल्या कितीतरी जणींची स्वतःची जेमतेम दोन एकर भातशेती आहे. त्या स्वतः गुडघाभर चिखलात उतरतात. कुणाचा नवरा पहाटेची गाडी धरून मुंबईला नोकरीला जातो आणि रात्री दहाला घरी येतो. त्यांना वाटतं, आम्ही राबायचं आणि सरकारनं वाटायचं, हा कुठला न्याय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पाड्यावर जाऊन बचत गटाचं काम करताना मला दोन्ही बाजू रोज दिसतात, म्हणून आज जरा नीट बोलू या यावर.

सरकारनं कमीत कमी कारभार करावा, लोकांच्या पायावर लोकांनाच उभं राहू द्यावं, फुकट वाटत बसू नये, हा विचार काही आजचा नाही आणि तो फक्त पैसेवाल्यांचाही नाही. 1959 साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला तो याच विचारावर. 'लायसन्स-परमिट राज' हा शब्द त्यांनीच गाजवला. प्रत्येक गोष्टीला सरकारची चिठ्ठी लागायला लागली, की चिठ्ठी देणारा मोठा होतो आणि मागणारा लहान, असं त्यांचं म्हणणं. तलाठ्याच्या किंवा तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल!

आपल्या महाराष्ट्रात हा विचार सगळ्यात ठामपणे मांडला तो शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला ते शेती करायला आले आणि शेतकरी संघटना उभी केली. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही त्यांची घोषणा आपल्या आईवडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. 1986 च्या नोव्हेंबरात आपल्या घाटापलीकडं, याच आग्रा रोडवरच्या चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा, तोही सरकारच्या हुकमानं नव्हे, राजीखुशीनं. गावातल्या शंभर घरांनी हे केलं, की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. सरकारी कामावर त्यांचा इतका अविश्वास, की 2010 साली महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत आलं तेव्हा विरोधात पडलेलं एकमेव मत त्यांचं होतं. त्यांचं ते मत मला पटत नाही. पण माणूस बोलला तसा वागला, हे मान्य करायला हवं.

आता नीट लक्ष द्या. शरद जोशी "गरिबाला देऊ नका" एवढंच म्हणत नव्हते. ते म्हणत होते, आधी घेणं थांबवा! शेतकऱ्याचा कांदा चार पैसे खायला लागला, की सरकार निर्यात बंद करून भाव पाडतं आणि मग तोच शेतकरी खचला, की कर्जमाफीचं दान टाकतं. एका हातानं ओरबाडायचं आणि दुसऱ्या हातानं चिमूटभर द्यायचं. 2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली ती 2024 च्या मे महिन्यापर्यंत. नाशिककडच्या तुमच्या माहेरच्यांना विचारा, काय हाल झाले ते.

हेच माप आपल्या शहापूर-मुरबाडला लावून बघा बरं. इथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारल्यांकडून सरकारनं काय काय घेतलं? इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं जंगल राखीव केलं आणि पिढ्यानपिढ्या तिथं राहणारा माणूस एका रात्रीत लाकूडचोर ठरला. 1892 साली तानसा धरण झालं, पुढं भातसा झालं. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा भातसाचा, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग! 2006 च्या वनहक्क कायद्यात तर सरकारनं स्वतःच लिहून दिलं, की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. मग ज्याचं जंगल घेतलं, पाणी घेतलं, त्याला महिन्याला पाच किलो तांदूळ दिला तर ते दान कसं? आणि सरकारचा हात आखडायचाच असेल, तर तो आधी घेण्याच्या बाजूनं आखडायला हवा. देण्याच्या बाजूनं तेवढा आखडायचा, ही कसली मर्यादा?

राहिला प्रश्न आळशीपणाचा. जरा हिशेब मांडू. आपण बायका, हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. 2023 च्या जानेवारीपासून रेशनचं धान्य मोफत झालं. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. अंत्योदयवाल्या घराला पस्तीस किलो. लाडकी बहीणचे पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. आमच्या गटातली एक ठाकरीण म्हणाली, "ताई, तांदूळ भेटतो, पण तेल-मिरची कुठून आणू?" एवढ्यावर कोण पाय पसरून बसेल हो? पाच किलोत आळस येत असता, तर पहाटेच्या गाडीनं शेवळं, कंटोळी, करवंदांच्या पाट्या घेऊन कल्याणला जाणाऱ्या बायका आपल्याला दिसल्याच नसत्या.

मग लावणीला बाई मिळत नाही, हे खोटं का? नाही, अगदी खरं आहे. पण तिचं कारण दुसरं आहे. पूर्वी पावसाळ्यात पाड्यावर दाणा नसायचा. सावकाराकडून धान्य उचलायचं आणि कामावर फेडायचं, या चालीला 'पालेमोड' असं नावच होतं. दिवाळी झाली, की वीटभट्टीवाल्याची उचल घ्यायची आणि भिवंडी-कल्याणकडं पोरंबाळं घेऊन जायचं. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी वर्षानुवर्षं राबणाऱ्या लग्नगड्यांची गोष्ट तर आपल्या ठाणे जिल्ह्यातच घडलेली आहे. 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, 1978 पासून आदिवासींना पावसाळ्यासाठी खावटी कर्ज मिळू लागलं, ते याच कारणानं. उपाशी माणसाला मजुरी ठरवता येत नाही. मालक देईल ती घ्यावी लागते.

आज घरात चार दाणे असले, की ती बाई विचारते, "रोज किती देणार?" आसनगावच्या बाजूला कारखान्यात, भिवंडीच्या गोदामात जास्त मिळत असेल तर तिकडं जाते. कुणाचा वनपट्टा झालाय, ती आधी स्वतःच्या खाचरात लावणी करते. याला आळस म्हणायचं? व्यापाऱ्यानं भाव मागितला तर तो बाजार आणि मजूर बाईनं भाव मागितला तर ती माजली, असं कसं चालेल? बाजार मोकळा असावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर टाळ्या वाजवायला हव्यात! नाही म्हणता येणं, हीच तर बाजारातली पहिली मोकळीक. आणि दोन एकरवाल्या आपल्या वहिनीला ती मजुरी परवडत नाही, हेही खरं. पण त्याचं उत्तर भाताच्या भावात शोधायचं, मजुरणीच्या रिकाम्या पोटात नव्हे.

एवढं सगळं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, ही बाई सगळ्या योजनांची वकिली करायला बसलीय. तसं नाही हं! सरकारी मदतीवर टीका करणाऱ्यांचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मदत मेहेरबानी म्हणून मिळाली, की माणूस मिंधा होतो.

लाडकी बहीण योजनाच घ्या. 2024 च्या जूनअखेर ती जाहीर झाली, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. 'बहिणीला भावाची ओवाळणी' असा थाटमाट झाला. प्रचारात एकवीसशे करू म्हणाले. 2025 च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात पंधराशेच राहिले. त्याच वर्षी छाननी सुरू झाली आणि 26 लाखांहून अधिक नावांचे पैसे थांबले. त्यात चक्क पुरुषही निघाले, ते थांबायलाच हवे होते. पण मग ई-केवायसी आली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचाही आधार मागितला. नवरा वारलेला, वडील कधीच गेलेले, मोबाईलला रेंज नाही, ओटीपी येणार कुठून? आमच्या गटातली एक विधवा दोन वेळा रोज बुडवून सेवा केंद्रावर जाऊन आली. दोन्ही वेळा "उद्या या." आणखी वाईट म्हणजे या योजनेसाठी 2025 साली आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय या खात्यांचाच निधी वळवला. एका मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. म्हणजे पाड्यावरच्या बाईच्या डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात घातलं, आणि वर फोटोही भावाचाच!

ते पंधराशे उपयोगी पडत नाहीत का? पडतात. कुणी शेळी घेतली, कुणी पोराची फी भरली, कुणाला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढं हात पसरावा लागला नाही. माझं भांडण पैशाशी नाही, त्या 'ओवाळणी' शब्दाशी आहे. ओवाळणी भावाच्या खुशीवर असते. शंभर घातले काय, हजार घातले काय, नाहीच घातले काय, बहीण ब्र काढू शकत नाही. वाटणीचं तसं नसतं. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली केंद्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हिस्सा दिला. तो भावाचा स्वभाव बघून मिळत नाही, कायद्यानं मिळतो. नाही दिला तर कोर्टात दाद मागता येते. सरकारी मदतीतही मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

आणि मदत वाटणीसारखी कशी देता येते, हे जगाला आपल्याच महाराष्ट्रानं दाखवलंय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला. जो काम मागेल त्याला काम. 1972 च्या दुष्काळात तो विचार राज्यभर कामी आला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. खडी फोडायला, बांध घालायला भर उन्हात येणार कोण? ज्याला खरंच गरज आहे तोच. त्यामुळं यादी नको, शिफारस नको, पुढाऱ्याची चिठ्ठी नको. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर. काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. 'सरकार कमी असावं' म्हणणाऱ्यांना याहून चांगली योजना कुठली सापडणार होती?

आणि पैसा कुठून आला ठाऊक आहे? तुमच्या नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला दोनशे रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत तीनशे? तो कर 1975 साली सुरू झाला तो रोजगार हमीसाठी. वर्षाला अडीच हजार. शहरातल्या नोकरदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला हिस्सा. "आमचा टॅक्स" म्हणताना हेही लक्षात ठेवा, की त्या करातून या राज्यात बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाले, रस्ते झाले. फुकट काहीच नव्हतं.

पुढं हीच कल्पना 2005 साली देशाचा कायदा झाली. मजुरी उशिरा मिळणं, बोगस नावं, अशी दुखणीही तिला जडली. 2025 च्या डिसेंबरात संसदेनं त्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभर दिवसांऐवजी 125 दिवसांची हमी आली, मजुरीच्या खर्चाचा मोठा भार राज्यांवर आला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची सोयही आली. "लावणीला बाई मिळत नाही" हे गाऱ्हाणं थेट कायद्यात जाऊन बसलं म्हणायचं! म्हणजे ऐन आषाढात, घरातला दाणा संपलेला असताना, त्या बाईला मजुरी ठरवायला दुसरा पर्याय राहणार नाही. शेतकरी अडचणीत आहे म्हणून मजुराचे हात बांधायचे, हे काही मला मर्यादित सरकार वाटत नाही.

अर्थात सगळ्यांनाच खडी फोडता येत नाही. म्हातारी माणसं, अपंग, बाळंतीण, अंगणवाडीतलं पोर, यांच्याकडून काय काम घेणार? त्यांना विनाअट द्यायलाच हवं. आणि हे फक्त माझ्यासारखी समाजकार्य करणारी बाईच म्हणते असं नाही. सरकारनं कमीत कमी करावं म्हणणारे जगातले दोन मोठे अर्थशास्त्रज्ञ, हायेक आणि फ्रीडमन. हायेकनी 1944 च्या आपल्या पुस्तकात अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी समाजानं द्यावी हे मान्य केलं. फ्रीडमननी 1962 साली गरिबाला दहा योजनांऐवजी सरळ रोख रक्कम द्यावी असं सुचवलं. म्हणजे वाद द्यावं की न द्यावं हा नव्हताच. कसं द्यावं, हा होता.

मग आपण काय करायचं? कुठलीही नवी योजना आली, की तीन प्रश्न विचारायचे. एक, हे मला कायद्यानं मिळतंय की कुणाच्या कृपेनं? नाही मिळालं तर दाद कुठं मागायची? दोन, उद्या सरकार बदललं तर हे टिकेल का? तीन, यानं माझी ताकद वाढणार आहे की फक्त माझी रांग लांबणार आहे? या तीन चाळण्यांतून रोजगार हमी पार होते, रेशनचा कायदा पार होतो, वनपट्टा तर सगळ्यात आधी. फोटोवाल्या पिशव्या मात्र वरच राहतात.

आणखी एक. ग्रामसभेला जा. लाभार्थींची यादी मोठ्यानं वाचायला लावा. कामाची मागणी केली, तर तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. बेकारी भत्त्याचा सगळा खेळ त्या तारखेवर असतो. पाड्यावरच्या बायकांना लिहिता येत नसेल, तर आपल्यातली एखादी चार ओळी लिहून देईल. तेवढ्यानं काही आपला स्वयंपाक उशिरा होत नाही.

आपल्याकडं एक रीत आहे, तुमच्याही माहेरी असेल. राखीपौर्णिमेला भाऊ प्रेमानं बोलावतो, साडी नेसवतो, ताटात नोट घालतो आणि जेवण झाल्यावर हळूच एक कागद पुढं सरकवतो. हक्कसोड पत्र! "ताई, एक सही कर. तुला काय कमी आहे?" कितीतरी बहिणींनी साडीच्या बदल्यात शेत सोडलंय. सरकार आणि आपलं नातं तसं होऊ द्यायचं नसेल, तर एवढंच ध्यानात ठेवा. ओवाळणी मिळाली तर खुशाल घ्या, नाही कशाला म्हणायचं? पण तिच्या बदल्यात पुढं आलेला कागद आधी वाचा, आणि तो हक्कसोडाचा असेल तर सही करू नका.